वीस तास आणि पन्नास किलो

ताई,

मी घणसोलीचा. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण बारावीला. वाशीतून बी.एस्सी. आयटी केलं, दोन वर्षं ऐरोलीत नोकरी केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडला, लेस्टरमध्ये, एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी आलो. घर तारण ठेवून २२ लाखांचं कर्ज काढलंय, ११ टक्क्यांनी. इथे एका गोदामात आठवड्याला २० तास रात्रपाळी करतो. शिवाय एका हॉटेलच्या किचनमध्ये १५ तास, रोखीत, तासाला ७ पौंड. खोली, खाणं, बस, फोन धरून महिन्याला ७८० पौंड लागतात. पहिल्या पगारातून घरी ६० हजार पाठवले. आईने कॉलनीत पेढे वाटले. तेव्हापासून दर महिन्याला तेवढेच पाठवतोय, कमी करायची हिंमत होत नाही. जानेवारीच्या परीक्षेत एका विषयात ४१ आले, पास व्हायला ५० लागतात. घरी सांगितलेलं नाही. रूममेट म्हणतो, ओळखीच्याचं डिलिव्हरीचं अकाउंट आठवड्याला ६० पौंड भाड्याने घे, हात मोकळा होईल. मेमध्ये वर्ग संपले की सप्टेंबरपर्यंत फुल टाइम करीन, असंही डोक्यात आहे. कधी वाटतं शिक्षण सोडावं आणि सरळ कामाला लागावं, कर्ज तरी फिटेल. बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून शिकले, मग मलाच का जमत नाही, म्हणून स्वतःचाच राग येतो. काय करू?

तुमचा,
घणसोलीकर


प्रिय घणसोलीकर,

तुझं पत्र वाचलं आणि दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. तुला रात्रपाळीला निघायचं असेल, म्हणून आधी उत्तर देते आणि कारणं मग सांगते. हॉटेलचं काम याच आठवड्यात बंद कर. डिलिव्हरीच्या अकाउंटला हात लावू नकोस. उन्हाळ्यातही २० तासांच्या वर जाऊ नकोस. शिक्षण सोडू नकोस. आणि येत्या रविवारी आण्णांना फोन कर. (तू वडिलांना काय म्हणतोस ते लिहिलं नाहीस. बऱ्याच घरांत आण्णा म्हणतात, म्हणून मी तसंच लिहिते.)

आता तुझ्या मनात सलतोय त्या प्रश्नाकडे येऊ. मलाच का जमत नाही, असं तू विचारलंस. बाळा, कोणालाच जमलं नसतं. हिशेब मांडून बघ. तुझी एम.एस्सी. १८० क्रेडिटची आहे आणि तिकडे एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे दहा तास धरतात. वर्गातले, ग्रंथालयातले, असाइनमेंटचे, सगळे मिळून. म्हणजे वर्षाला १,८०० तास. पन्नास आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३६ तास नुसता अभ्यास. त्यावर गोदामाचे २० म्हणजे ५६ झाले. इथपर्यंत माणूस दमतो, पण तगतो. हॉटेलचे १५ धरले की ७१. त्यात गोदामापर्यंतची बस, स्वतःचा स्वयंपाक, कपडे, आणि रात्रभर जागल्यावर दिवसाची न लागणारी झोप. ४१ मार्क मिळाले ते डोकं कमी पडलं म्हणून मिळालेले नाहीत. तुझ्या आठवड्यात तेवढे तासच नव्हते.

त्यामुळे उन्हाळ्याचा तुझा बेत मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. आपल्याकडे वर्ग संपले की सुट्टी लागते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण एका वर्षाच्या मास्टर्सला तिकडे उन्हाळ्याची सुट्टी नसते. जून ते सप्टेंबर प्रबंधाचा काळ, आणि व्हिसाच्या नियमात तो सत्रातच मोजला जातो. वर्ग भरोत न भरोत, अभ्यासक्रम संपण्याची तारीख उलटेपर्यंत आठवड्याला २० तासांची मर्यादा कायम. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम करता येतं. तुझा रूममेट त्यांच्यातला असेल आणि उन्हाळ्याचं त्याने सुचवलं असेल, तर ते त्याच्यापुरतं खरं आहे. शिवाय तो प्रबंध बहुतेक ठिकाणी ६० क्रेडिटचा असतो, म्हणजे ६०० तास. चौदा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला ४३. तेव्हा गोदामात चाळीस तास घातलेस तर प्रबंध लिहिणार कोण? नाताळ आणि ईस्टरची गोष्ट वेगळी. विद्यापीठाने त्या तारखा तुझ्या अभ्यासक्रमासाठी लेखी सुट्टी म्हणून जाहीर केल्या असतील, तर तेवढ्या आठवड्यांत पूर्ण वेळ काम चालतं. ते पान डाउनलोड करून ठेव आणि गोदामाच्या ऑफिसातही दे.

२० तासांच्या बाबतीत मुलांचा गोंधळ होतो तो इथे. आठवडा सोमवार ते रविवार धरायचा. दोन ठिकाणची कामं मिळून २०, प्रत्येकी २० नव्हे. या आठवड्यात २६ आणि पुढच्या आठवड्यात १४ करून सरासरी काढता येत नाही. बिनपगारी तासही त्यात येतात, 'दोन दिवस ट्रायलवर ये' म्हणतात ते सुद्धा. आणि स्वतंत्र धंदा, म्हणजे कोणाचा नोकर न राहता केलेलं काम, विद्यार्थी व्हिसावर पूर्ण बंद. डिलिव्हरीचं काम याच सदरात मोडतं. तिथे एक तास केलास तरी नियम मोडला. वर अकाउंट दुसऱ्याच्या नावाचं, पैसे त्याच्या खात्यात जमा होणार, आणि पाऊसपाण्यात सायकल मारल्यावर ते तुझ्या हातात द्यायचे की नाहीत हे तोच ठरवणार. तू तक्रार करणार कुठे?

इथे तुझ्या वडिलांच्या कामाबद्दल थोडं लिहिते, तुला ते माझ्याहून जास्त माहीत असलं तरी.

मी कोपरखैरण्यात राहते. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे काम होतं म्हणून सकाळी लवकर कांदा-बटाटा मार्केटमध्ये गेले होते. एक ट्रक खाली होत होता. फळक्यावरच्या माणसाने एका गोणीचे दोन्ही कान धरले, ती जराशी हलवली आणि परत ठेवली. म्हणाला, "ही वरची आहे." मला दुसऱ्या गोणीत आणि तिच्यात काडीचा फरक दिसत नव्हता. काट्यावर चढवली तर ५६ किलो भरली. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, आजच्या दिवस उचला, वरचे पैसे देतो. तो माणूस काही बोलला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने मान पुसली आणि फळक्यावरच बसला. त्याच्यामागे सगळी टोळी बसली. मुकादम आला, बोलणी झाली, ती गोणी फोडून दोन केल्या, तेव्हा काम पुढे सरकलं. ५० किलोच्या वरची गोणी उचलायची नाही, यासाठी त्या मार्केटमध्ये माथाडींनी कितीदा काम बंद ठेवलं आहे, हे आण्णांना विचार. ५६ किलो उचलण्याची ताकद त्या माणसात होती. त्याचे दंड मी बघितले होते. एकदा ५६ उचलली की उद्या ६० येते, हे त्याला ठाऊक होतं.

तुझे २० तास म्हणजे ती ५० किलोची गोणी आहे, असं मला मनापासून वाटतं. तू तरणाताठा आहेस, ३५ तास उचलून दाखवलेस. पण मर्यादा तुझी ताकद बघून घातलेली नाही. तुझा अभ्यासाचा वेळ तुझ्याकडे उरावा म्हणून घातली आहे.

आणि रोखीचं काम. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी हमालाची मजुरी म्हणजे व्यापाऱ्याच्या खिशातून निघेल ती. नोंद नाही, फंड नाही, दुखापत झाली तर घरी बसायचं. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील, त्यांच्या मागे ही माणसं उभी राहिली ती यासाठीच. माथाडी बोर्ड आलं, मजुरी आणि लेव्ही (व्यापाऱ्याने मजुरीच्या वर भरायची टक्केवारी) बोर्डात जमा व्हायला लागली, फंड आला, ग्रॅच्युइटी आली. तुझ्या वडिलांचा घामाचा पैसा कागदावर चढतो म्हणून बँकेने तुमच्या दारात उभं राहून कर्ज दिलं. आणि त्यांचा मुलगा आज एका किचनच्या मागच्या दाराने कागद नसलेल्या कामावर जातोय. हे टोचायला लिहीत नाही. तिथल्या कायद्याने २१ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला तासाला किमान १२.२१ पौंड मिळायला हवेत, एप्रिल २०२६ पासून १२.७१. तुला मिळतात ७. म्हणजे १२.२१ च्या दरानेही तासामागे ५.२१ पौंड आणि आठवड्याला ७८ पौंड तो मालक तुझ्याकडून काढून घेतोय. पौंड १२० रुपयांचा धरला तर नऊ हजारांच्या वर, दर आठवड्याला. तू ओरडणार नाहीस, कारण तासांची मर्यादा तूही ओलांडली आहेस, हे त्याला नेमकं कळतं.

मला हे कळतं कारण मी त्यातून गेले आहे. २००७ साली मी लीड्सला शिकत होते. एका हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासायचे. खोल स्टीलचं बेसिन, पाणी इतकं कढत की रबरी हातमोज्यातून बोटं लाल व्हायची, आणि उजव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते भोक मी तीन आठवडे चिकटपट्टीने बंद करत होते, कारण नवीन मोजे मागायची लाज वाटायची. त्या तीन आठवड्यांचे पैसे मालकाने दिलेच नाहीत. 'पुढच्या शुक्रवारी', मग 'पुढच्या महिन्यात', मग 'कोण तू?' माझ्याकडे एक चिठोरासुद्धा नव्हता. त्या सत्रात मी एक पेपर नापास झाले आणि फोनवर बाबांना सांगितलं की निकाल अजून लागायचा आहे. ते वाक्य मी चार महिने बोलत राहिले. पैसे बुडाल्याचं दुःख केव्हाच विरलं. ते चार महिने मात्र अजून आठवतात.

आता पैशाचं बघू. तुझं खरं ओझं तिथे आहे, आणि ते तुला वाटतं त्यापेक्षा हलकं आहे. एप्रिलपासून गोदामाचे २० तास म्हणजे आठवड्याला २५४ पौंड, महिन्याला साधारण १,१००. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर तिकडे आयकर नाही, त्यामुळे यातून कर जवळपास कापला जायला नको. पगाराच्या पावतीवरचा टॅक्स कोड एकदा तपास. नव्या माणसाला चुकीचा कोड लागून जास्त कर कापला जाणं नेहमीचं आहे, आणि तो परत मिळतो. तासांवर काम करणाऱ्यालाही पगारी रजा जमत जाते, ती मागून घे. तर ११०० मधून तुझा ७८० चा खर्च वजा जाता ३२० पौंड उरतात, म्हणजे ३८ हजार रुपये. २२ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २० हजारांच्या आसपास. म्हणजे कायद्याने मिळणाऱ्या २० तासांत तुझा खर्च आणि कर्जाचं व्याज दोन्ही निघतं. हॉटेलचे १५ तास तू राबतोस ते ६० हजारांतल्या व्याजावरच्या ४० हजारांसाठी, आणि ते ४० हजार तुझ्याकडे कोणी मागितलेलेच नाहीत. आईने एकदा पेढे वाटले, आणि त्या पेढ्यांचा हप्ता तू दर महिन्याला भरतोयस.

पण ते ३२० पौंड सगळेच्या सगळे घरी पाठवू नकोस, असंही मी सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर दोन वर्षं तिथे राहून काम करता येईल असा ग्रॅज्युएट व्हिसा तुला हवा असणार. त्याची फी आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार (तिकडची सरकारी वैद्यकीय सेवा वापरण्यासाठीची रक्कम) मिळून जवळपास ३,००० पौंड एकरकमी भरावे लागतात. अधिभारच वर्षाला १,०३५ पौंड आहे. ही रक्कम ऐनवेळी उभी करताना मुलं खाजगी व्याजाने पैसे उचलतात. तुझ्याकडे एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने आहेत. ३२० पौंड बाजूला टाकलेस तर तेवढ्यात ती रक्कम जवळजवळ उभी राहते.

मग व्याजाचं काय? कर्जाचं मंजुरीपत्र आईकडून फोटो काढून मागव. बहुतेक शैक्षणिक कर्जांत शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही महिने हप्ता सुरू होत नाही. व्याज भरायची सक्ती आहे की ते पुढे मुद्दलात मिळवलं जातं, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. काही बँका या काळात व्याज भरत राहिल्यास दरात सवलत देतात, तेही बघ. सक्ती नसेल तर ते नऊ महिने व्याज न भरल्याने कर्ज एक लाख ८० हजारांच्या आसपास वाढेल. रक्कम लहान नाही. पण तिच्यासमोर दुसरी बाजू ठेवून बघ. गोदामात आठवड्याला चाळीस तास वर्षभर घातलेस तरी २६ हजार पौंडांच्या आसपास पोचशील. तिकडे कुशल कामाच्या व्हिसाला सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, नव्याने लागणाऱ्यांसाठी ३३,४००. २२ लाख फिटणार ते तुझ्या एम.एस्सी.च्या जोरावर मिळणाऱ्या नोकरीतून, मग ती तिकडे मिळो की इकडे ऐरोली-महापेला.

शिक्षण सोडून कामाला लागण्याचा विचार तर मनातून काढूनच टाक. तुला कामाची परवानगी आहे ती विद्यार्थी आहेस म्हणून. नाव काढलंस की विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावं लागतं आणि व्हिसाची मुदत कापली जाते, सहसा साठ दिवसांवर आणतात. मग ना पदवी ना काम, आणि घराचा कागद बँकेत.

आता एक तारीख लिहून ठेव: ३१ डिसेंबर २०२६. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज या तारखेपर्यंत केलास तर दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या मुलांना दीडच वर्ष. आणि अर्ज करता येतो तो तू अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केलास असं विद्यापीठाने कळवल्यावरच. तुझा विद्यार्थी व्हिसा जानेवारीपर्यंत असेल, म्हणून भरपूर वेळ आहे असं वाटतं. पण ४१ मार्कांचा हा विषय वेळेत सुटला नाही, निकाल लांबला, तर सहा महिने हातचे जातात. हॉटेलातल्या १५ तासांची किंमत ही आहे.

त्यामुळे या आठवड्यातलं पहिलं काम विषय सोडवण्याचं. अभ्यासक्रमाची नियमपुस्तिका उघड आणि 'पुनर्परीक्षा' कधी, फॉर्म कधी भरायचा, मार्कांवर मर्यादा किती, ते बघ. पुष्कळ विद्यापीठांत दुसरी संधी उन्हाळ्यात मिळते आणि तिथे पास झाल्यावर ५० च धरतात. काही ठिकाणी ४० च्या पुढचे मार्क बाकीच्या विषयांच्या जोरावर माफही होतात. तुझं ४१ त्यात बसतं का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. तुला एक पर्सनल ट्यूटर नेमून दिलेला असेल. त्याला दोन ओळींची मेल कर: एका विषयात कमी पडलो, भेटायचंय. आपल्याकडे सरांसमोर नापास झालो म्हणून जायला जीव जातो. तिकडे त्या माणसाचं ते कामच आहे, आणि न येणाऱ्या मुलाबद्दलच त्यांना जास्त काळजी वाटते.

झालेल्या जादा तासांचं काय करायचं, हे जपून करायचं काम आहे. आधी थांब, म्हणजे ते वाढणार नाहीत. मग विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जा. ते विद्यापीठाच्या ऑफिसपासून वेगळं असतं, आणि तिथे किती गोष्टी गोपनीय राहतात हे सुरुवातीलाच विचारून घे. व्हिसाबाबत सल्ला देण्याचा अधिकार तिकडे नोंदणीकृत सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे. इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत नाव आहे का ते बघूनच कोणाशी बोल. इथल्या ज्या एजंटने तुला पाठवलं त्याला विचारू नकोस, रूममेटलाही नको. पुढे कुठल्याही अर्जात याबद्दल प्रश्न आला तर खोटं लिहायचं नाही, एवढं माझ्याकडून घे. त्या सल्लागारासमोर सगळं खरं मांड, म्हणजे तो तुला नीट वाट दाखवू शकेल.

गोदामाच्या रात्रपाळ्या शुक्रवार-शनिवारला जोडून मिळतात का विचार, म्हणजे सोमवार ते गुरुवार तुझी झोप माणसासारखी होईल. विद्यापीठातच ग्रंथालयात, खुल्या दिवसांना पाहुण्यांना फिरवायला, अशी तासांवरची कामं निघतात. ती मिळाली तर गोदामापेक्षा बरी, कारण विद्यापीठाला तुझे तास आणि परीक्षा दोन्ही माहीत असतात. आणि झोपेचं फारच बिघडलं असेल तर डॉक्टरकडे नाव नोंदव. व्हिसा काढताना वर्षाचे ७७६ पौंड आरोग्य अधिभार तू भरलेलाच आहेस, डॉक्टर वेगळे पैसे घेणार नाही.

बाबासाहेबांचं तू लिहिलंस, त्याबद्दल. ते १९१६ ला लंडनला गेले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परत यावं लागलं. मग १९१८ पासून मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, त्या पगारातून पै-पै साठवली, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत घेतली, आणि १९२० ला पुन्हा गेले. १९२३ ला डी.एस्सी. हातात घेतली. त्यांची उपासमार खरी आहे. पण त्यांनी आधी कमावलं आणि मग शिकले. लंडनमधला जवळजवळ सगळा वेळ त्यांनी पुस्तकांना दिला, आणि कमी पडलं तेव्हा आपल्या माणसांकडे मागितलं. यातलं तुझ्याकडून राहून गेलंय ते मागणं. म्हणून तो फोन.

रविवारी कर. आण्णांना सुट्टी असेल. तुझ्याकडे सकाळचे दहा म्हणजे इथे दुपार, जेवून थोडं पडून उठलेले असतील. व्हिडिओ लावू नकोस, नुसता आवाज. आईला आणि बहिणीला मग सांग, आधी एकट्या आण्णांशी बोल. लांबण लावायची गरज नाही. "आण्णा, एका विषयात नापास झालोय. पैसे जास्त पाठवायच्या नादात काम जास्त केलं, ते बंद करतोय. पुढचे काही महिने घरी पैसे येणार नाहीत. पदवी घेतो, मग हप्ता मी भरीन." एवढंच. ते गप्प राहिले तर तूही गप्प राहा, फोन ठेवू नकोस. त्यांच्या पिढीच्या माणसाला दोन मिनिटं लागतात. मग कदाचित विचारतील, किती तास करत होतास. खरं सांग. पस्तीस.

गोण्यांच्या भाषेत सांगितलंस तर त्यांना लगेच कळेल. आईच्या पेढ्यांची काळजी करू नकोस, कॉलनीला काय सांगायचं ते आण्णा बघून घेतील. त्यांना ते जमतं, मुकादमाशी बोलतात तसं.

हॉटेलच्या मालकाकडे तुझे किती आठवड्यांचे पैसे अडकलेत ते लिहिलं नाहीस. असतील तर तारखा आणि तास एका वहीत आजच उतरवून ठेव, आठवतायत तोवर. त्याचे पाठवलेले मेसेज पुसू नकोस. सल्लागाराकडे जाताना वही आणि फोन दोन्ही ने.

तुझी,
ताई